उतार आधी मोजा, यंत्र मग आणा



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी जर्मनीहून बऱ्हाणपूरला आले होते. शाळा पाहायला आले, वर्गांतून फिरले आणि मागच्या मैदानात गेल्यावर थबकले. गुडघ्याएवढे गवत उभे होते आणि आपले माळीकाका नाल्याच्या उतारावर बाभळीच्या खोडाला पाय टेकवून विळा चालवत होते. त्या गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढला आणि आपल्या तिकडच्या घरामागची चित्रफीत दाखवली. मोठ्या कासवासारखे दिसणारे एक यंत्र, फारसा आवाज न करता, चढउताराच्या हिरवळीवरून आपले आपण फिरत होते. कोणी ढकलत नव्हते, कोणी मागे चालत नव्हते. बॅटरी संपत आली की स्वतःच आपल्या खोपटात जाऊन चार्ज होत होते आणि पुन्हा कामाला लागत होते. "शाळेला असे एक यंत्र माझ्याकडून भेट," असे ते म्हणाले.

पालक सभेत ही गोष्ट निघाली तेव्हा टाळ्या पडल्या. मुले तर हरखूनच गेली. विश्वस्त मंडळाने मात्र होकार देण्याआधी चौकशी करायचे ठरवले आणि ते काम ज्या दोघांकडे सोपवले त्यांतला एक मी. चौकशीचा अहवाल मंडळाकडे दिलेला आहे. हा लेख माझ्या मताचा आहे आणि त्याची जबाबदारी माझी एकट्याची आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्या मुलाने इतक्या वर्षांनी, इतक्या दूर राहून शाळेची आठवण ठेवली, त्याच्या भावनेपुढे मी हात जोडतो. आपल्या गावात हिंदीतून म्हणतात की दानाच्या वासरीचे दात पाहू नयेत. म्हण चांगली आहे. पण वासरी दारात आली की तिला चारा आपल्यालाच घालायचा असतो, गोठा आपल्यालाच बांधायचा असतो. म्हणून दात नाही पाहिले तरी आपला गोठा पाहून ठेवावा, एवढेच माझे म्हणणे.

हे यंत्र आले कुठून

गवत कापायच्या यंत्राचा इतिहास आपल्या गावाला जवळचा वाटेल असा आहे. इंग्लंडमध्ये स्ट्राउड नावाच्या गावी लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर जी लव राहते ती कापून कापड गुळगुळीत करण्यासाठी तिथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरत. ते पाहून एडविन बडिंग या कारागिराच्या मनात आले की कापडावरची लव जशी कापतात तसे जमिनीवरचे गवत का कापू नये? १८३० मध्ये त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. म्हणजे हिरवळीचे यंत्र हे मूळचे कापडगिरणीचे अपत्य. घरोघरी यंत्रमागांची खडखड ऐकत मोठ्या झालेल्या बऱ्हाणपूरकरांना यात नवल वाटायला नको.

पुढे ही यंत्रे घोड्यांनी ओढली. मऊ हिरवळीवर टापांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामडी बूट घालत. नंतर वाफ आली, पेट्रोल आले, वीज आली. १९९५ मध्ये स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीने उन्हावर चालणारे, आपले आपण फिरणारे यंत्र बाजारात आणले. आज अनेक कंपन्या अशी यंत्रे बनवतात आणि युरोपात ती घरोघरी दिसतात.

या यंत्राची कामाची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. ते वाढलेले गवत कापत नाही. ते रोज थोडे थोडे, नखाएवढे टोक छाटते. त्याची पाती दाढीच्या ब्लेडसारखी लहान आणि हलकी असतात. छाटलेले बारीक तुकडे तिथेच पडतात, कुजतात आणि गवतालाच खत होतात. गोळा करायला काही उरत नाही. आपण पावसाळाभर गवत वाढू देतो आणि नवरात्राच्या आधी एकदा आडवे करतो. हे यंत्र आपल्या पद्धतीत बसत नाही, आपल्यालाच त्याच्या पद्धतीत बसावे लागेल.

आम्ही मैदान कसे मोजले

पत्रक वाचण्याआधी मैदान मोजावे असे आम्ही ठरवले. नववीच्या मुलामुलींना बरोबर घेतले. साधने तीन: एक मीटर लांबीची सरळ पट्टी, गवंड्याची पाणसळ आणि मोजपट्टी. पट्टीचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवायचे, पाणसळ ठेवून पट्टी अगदी आडवी करायची आणि खालच्या टोकापासून जमीन किती सेंटिमीटर खाली आहे ते मोजायचे. पट्टी बरोबर शंभर सेंटिमीटरची असल्यामुळे जो आकडा येईल तोच उताराचा टक्का. ३० सेंटिमीटर आले तर उतार ३० टक्के. गणित इतके सोपे की पाचवीतली एक मुलगी, जी नुसती बघायला आली होती, तिने दुसऱ्या मापापासून सगळ्यांच्या आधी उत्तर सांगायला सुरुवात केली.

आपल्या आवाराचे तीन भाग पडतात. पहिला, प्रार्थनेच्या ओट्यासमोरची हिरवळ. तिचा उतार २ ते ३ टक्के, म्हणजे सपाटच. दुसरा, कबड्डीच्या मैदानापासून नाल्याकडे उतरत जाणारा मधला पट्टा. तिथे आकडे आले २२ ते ३१ टक्के. तिसरा, नाल्याच्या काठचा कडा, जिथे माळीकाका बाभळीला पाय टेकवून काम करतात. तिथे मुलांना उतरू दिले नाही, काकांनी आणि मी मोजले. आकडे आले ५८ ते ६४ टक्के.

टक्के आणि अंश

आता पत्रकाकडे वळू. पत्रकात मोठ्या अक्षरांत लिहिले होते: उताराची क्षमता ४५. सभेत एका सन्माननीय सदस्यांनी हात तिरपा धरून दाखवला आणि म्हणाले, "पंचेचाळीस म्हणजे जवळजवळ कडाच झाला की! मग आपल्या नाल्याचे काय घेऊन बसलात?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्यांदा मीही डोलावली, हे प्रामाणिकपणे सांगतो. आयुष्यभर गणित शिकवून मान डोलावली.

ते ४५ अंश नव्हते, ४५ टक्के होते. दोन्हींत फार अंतर आहे. शंभर सेंटिमीटर आडवे गेल्यावर शंभर सेंटिमीटर खाली उतरले की तो उतार १०० टक्के, आणि तेव्हा कोन होतो ४५ अंशांचा. ४५ टक्के म्हणजे सुमारे २४ अंश. ३५ टक्के म्हणजे सुमारे १९ अंश. दहावीच्या मुलांना टॅन थीटा शिकताना "याचा उपयोग काय" असा प्रश्न नेहमी पडतो. उपयोग हा. नाल्याकाठचा आपला ६० टक्क्यांचा कडा ३१ अंशांचा आहे. पत्रकातले यंत्र त्यावर टिकणार नाही.

चारही चाकांना जोर असलेली यंत्रे असतात, ती ७० ते ८० टक्के उतार चढू शकतात असे उत्पादक सांगतात. ते खोटे नाही. पण ही क्षमता कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या गवतावर, हे पाहावे लागते. दाट, आखूड, बऱ्यापैकी कोरडी हिरवळ असेल तर. ओल्या गवतावर चाक घसरते हे सायकल चालवणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे.

आणखी एक बारीक गोष्ट पत्रकाच्या मोठ्या अक्षरांत नव्हती, आतल्या पानावर होती. उताराची जी मोठी मर्यादा सांगतात ती हिरवळीच्या मधल्या भागासाठी. कडेला, जिथे यंत्राला थांबून वळायचे असते, तिथे मर्यादा बरीच कमी असते. जमिनीत पुरलेल्या तारेवरून आपली हद्द ओळखणाऱ्या कित्येक यंत्रांना कडेजवळ १५ टक्क्यांच्या आसपासच उतार चालतो. कारण उघड आहे. यंत्र खाली उतरत हद्दीपाशी येते, थांबायला जाते आणि घसरत हद्दीपलीकडे जाते. आपल्याकडे हद्दीपलीकडे काय आहे? नाला.

म्हणून मधल्या पट्ट्याचा विचार करा. तिथला २२ ते ३१ टक्के उतार पत्रकातल्या ४५ च्या आत बसतो, म्हणून वाटते की जमेल. पण त्या पट्ट्याची खालची हद्द कुठेही आखली तरी ती उतारावरच येते, आणि तिथे १५ चा नियम लागू होतो. चार चाकांच्या यंत्रांना कडेलाही जास्त सवलत असते, हे मान्य. पण मग पुढचे प्रश्न उभे राहतात.

आपली माती, आपला पाऊस

आपली जमीन काळी. कपाशीची आणि केळीची. पावसाळ्यात ती फुगते आणि चपलेला अशी चिकटते की दहा पावलांत माणूस दोन बोटे उंच होतो. चाकांच्या खाचांत ती भरली की खाचांचा उपयोग संपला. उन्हाळ्यात हीच माती आक्रसते आणि तिला भेगा पडतात. मधल्या पट्ट्यातल्या भेगांमध्ये दरवर्षी मुलांचे दोन-तीन चेंडू अडकतात. जिथे चेंडू अडकतो तिथे यंत्राचे लहान चाक अडकणार नाही असे कसे म्हणावे?

गवताचा हंगामही पाहा. युरोपात पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, गवत हळूहळू वाढते, आणि रोज नखाएवढे छाटणे जमते. आपल्याकडे जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ जे देते ते एकदम देते. सलग आठवडाभर झड लागली की यंत्र खोपटात बसणार. उघडीप पडेपर्यंत हरळी आणि तण घोट्याच्या वर गेलेले असणार, आणि मग ते त्या लहान पात्यांच्या आवाक्यात राहत नाही. म्हणजे पुन्हा विळा आलाच. उलट मार्चपासून जूनपर्यंत गवत वाळून जाते आणि यंत्राला कामच नसते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण नियम आहे. थोडक्यात, वर्षातले जे महिने काम सर्वांत जास्त, त्याच महिन्यांत यंत्र सर्वांत कमी उपयोगाचे.

वाट ओळखण्याचे म्हणाल तर पद्धती तीन. तार पुरणे, उपग्रहाच्या संकेतावरून जागा ओळखणे आणि कॅमेऱ्याने पाहणे. तार पुरली तर उतारावरची माती पावसात वाहते, तार उघडी पडते आणि खुरप्याच्या एका घावात तुटते. उपग्रहाच्या पद्धतीला डोक्यावर मोकळे आकाश लागते. आपल्या मैदानावर एक चिंच आणि चार कडुनिंब आहेत आणि एका बाजूला दुमजली इमारत. झाडांखाली आणि भिंतींजवळ संकेत क्षीण होतो. कॅमेऱ्याची यंत्रे झपाट्याने सुधारत आहेत, पण चिखलाचा एक शिंतोडा काचेवर पडला की तीही आंधळी.

शिवाय दुरुस्ती. पाती महिन्या-दोन महिन्यांनी बदलावी लागतात, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. आपल्या प्रयोगशाळेत एक महागडे उपकरण सहा वर्षे झाकणाखाली पडून आहे, कारण त्याचा एक सुटा भाग मिळाला नाही. ते कोणी दिले आणि कोणाकडून घेतले हा विषय नाही. विषय हा की भेट येते तेव्हा फोटो निघतो आणि भेट बंद पडते तेव्हा कोणी विचारत नाही.

मुले आणि मुके जीव

यंत्र उचलले किंवा उलटले की पाती थांबतात, कशाला धडकले की ते मागे फिरते. ही व्यवस्था चांगली आहे. तरीही यंत्र चालू असताना लहान मुले आणि प्राणी जवळ नकोत असेच माहितीपुस्तिका सांगतात. शाळेचे आवार मुलांसाठीच असते. मग यंत्र कधी चालवायचे? रात्री, असे सहज सुचते.

पण रात्रीची वेळ दुसऱ्या कोणाची तरी असते. युरोपात हेजहॉग नावाचा काटेरी अंगाचा, भ्याला की चेंडूसारखा गुंडाळून बसणारा छोटा प्राणी आहे. तो पळत नाही, जागीच बसतो. २०२१ मध्ये डेन्मार्कच्या संशोधिका सोफी लुंड रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळी १८ यंत्रे तपासली. त्यासाठी आधीच मेलेले हेजहॉग वापरले. एकाही यंत्राला स्पर्श न होता प्राणी ओळखता आला नाही, आणि काहींनी त्याला जखमा केल्या. पुढे २०२४ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहराने रात्रीच्या वेळी ही यंत्रे चालवण्यास बंदी घातली. आपल्या मैदानात हेजहॉग नसतील, पण बेडूक आहेत, मुंगूस आहे, आणि नाल्याकाठी साप आहेतच. बेडूकही धोका दिसला की पुष्कळदा जागीच दबून बसतो.

सोपे काम यंत्राला, अवघड काम काकांना

आता मुख्य मुद्दा. ही सारी चौकशी करताना माझ्या मनात जी गोष्ट सर्वांत जास्त घर करून राहिली ती तांत्रिक नाही.

वरच्या हिशोबातून काय उरते ते पाहा. यंत्र नीट चालेल असा आपल्या आवारातला एकच भाग आहे: प्रार्थनेच्या ओट्यासमोरची सपाट हिरवळ. ती कापायला माळीकाकांना आठवड्यातून एक सकाळ पुरते. सावली आहे, पाय घसरत नाही, मुले येता-जाता "काका, राम राम" म्हणतात. त्यांच्या कामातले हेच सर्वांत सोपे काम. ते यंत्र करील. आणि नाल्याचा कडा, जिथे पाय घसरतो, दगड निघतो, साप निघतो, तो पुन्हा काकांच्याच वाट्याला.

एवढ्यावर थांबत नाही. एकदा यंत्र आले की पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी कोणीतरी म्हणणार, "अर्धे काम तर यंत्र करते, मग माळ्याला पूर्ण पगार कशाला?" असे कोणी म्हणणार नाही अशी खात्री मला देता आली असती तर बरे झाले असते. यंत्रमागांच्या या गावात हातमागांचे काय झाले ते आपल्या घरातल्या आजी-आजोबांना विचारा. यंत्र वाईट नव्हते. पण यंत्र आले तेव्हा माणसाचे काय, हा प्रश्न कोणी आधी विचारला नव्हता.

म्हणून माझी कसोटी अशी आहे: कोणतेही यंत्र आपल्या सर्वांत सोप्या कोपऱ्यात काय करते यावरून त्याची परीक्षा करू नये. सर्वांत अवघड कोपऱ्यात काय करते यावरून करावी. माणसाच्या पायाखालचा धोका जे कमी करते ते यंत्र घ्यावे, मग ते महाग का असेना. जे धोका तसाच ठेवून फक्त आराम काढून घेते ते फुकट मिळाले तरी महागच.

मी काकांनाही विचारले. ते हसले आणि म्हणाले, "सर, ते तुमचं कासव कड्यावर चालत असेल तर आजच आणा, मी त्याला हार घालतो. सपाटीवरच फिरणार असेल तर मग माझं काय कमी झालं?" माझ्या चार पानांच्या अहवालात यापेक्षा जास्त काही नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी आम्हा दोघांच्या लक्षातच आली नव्हती. सप्टेंबरात कापलेल्या गवताचे भारे पलीकडच्या वस्तीतले म्हशीवाले घेऊन जातात आणि बदल्यात शाळेच्या बागेला शेणखताच्या गाड्या टाकतात. यंत्राने गवताचा भुगा केला तर भाराही गेला आणि शेणखतही गेले.

मग काय करावे

नुसता नकार देणे सोपे असते. पण काकांचा पाय उद्याही घसरू शकतो, म्हणून आजची व्यवस्था चालू ठेवा असे मी म्हणत नाही. माझ्या सूचना तीन आहेत.

पहिली, नाल्याचा कडा कापणेच बंद करावे. तो कापतो कशासाठी? चांगले दिसावे म्हणून आणि सापांच्या भीतीने. त्या कड्यावर उताराला आडव्या ओळींत वाळा लावावा. वाळ्याची मुळे सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतही जातात, आणि माती धरून ठेवतात. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी जमिनीची धूप थांबवण्यासाठी याच गवताचा प्रसार भारतात केला होता. उन्हाळ्यात ज्याचे पडदे लावून आपण घर गार करतो तोच हा वाळा. कड्याच्या वर दोन मीटरची पट्टी स्वच्छ ठेवली आणि मुलांच्या बाजूला कुंपण घातले की सापांची भीतीही आटोक्यात येईल.

दुसरी, मधल्या पट्ट्यावर दगडी बांधांच्या चार पायऱ्या कराव्यात. उतार मोडला की गवत कापणे सोपे होते, माती वाहत नाही, आणि क्रीडास्पर्धांच्या दिवशी त्याच पायऱ्यांवर पालकांना बसता येईल. आज पालक उन्हात उभे राहतात आणि आजी-आजोबा येतच नाहीत.

तिसरी, माळीकाकांना खांद्याला अडकवायचे चांगल्या प्रतीचे गवत कापायचे यंत्र द्यावे, आणि त्याबरोबर डोळ्यांचा चष्मा, पायांची ढाल, जाड बूट आणि हातमोजे द्यावेत. त्या यंत्राने खडे उडतात, म्हणून हे सामान यंत्राइतकेच आवश्यक. समोरच्या हिरवळीला हाताने ढकलायचे साधे पात्यांचे यंत्र पुरे आहे. ते बडिंगच्या यंत्राचेच वंशज, त्याला वीजही लागत नाही आणि पत्रकही लागत नाही.

जर्मनीतल्या आपल्या माजी विद्यार्थ्याला मंडळाने मनापासून पत्र लिहावे आणि ही तीन कामे त्याच्या देणगीतून व्हावीत अशी विनंती करावी. ज्याने काकांचे कष्ट पाहून मदत देऊ केली, तो काकांचे कष्ट खरोखर कमी करणाऱ्या कामाला नाही म्हणणार नाही, असा मला विश्वास वाटतो.

मुलांची निराशा मला समजते. मोजणीच्या दिवशी एका मुलाने तोंड पाडून विचारले, "सर, मग आम्ही रोबो कधी बघायचा?" प्रश्न योग्य आहे आणि त्याला टाळणे बरोबर नाही. माझे उत्तर असे: त्या गृहस्थांना पुढच्या भेटीत असे यंत्र महिन्याभरासाठी आणता आले तर जरूर आणावे. देणगी म्हणून नको, परीक्षार्थी म्हणून येऊ दे. आपल्या शाळेत प्रत्येकाला परीक्षा आहे, यंत्राला का नसावी? विज्ञान मंडळाच्या मुलांनी रोजची नोंदवही ठेवावी. किती वेळ चालले, किती वेळा अडकले, कोणत्या उतारावर घसरले. दिवसा, मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि बाकीची मुले वर्गात असताना. ही यंत्रे दरवर्षी सुधारत आहेत. पाच वर्षांनी हा लेख जुना ठरला तर मला आनंदच होईल. तेव्हा पुन्हा पट्टी आणि पाणसळ घेऊन जावे आणि पुन्हा ठरवावे.

आपण ज्या गावात राहतो त्या गावाला उतार मोजण्याची फार जुनी परंपरा आहे. १६१५ मध्ये, जहांगीर बादशहाच्या काळात आणि अब्दुर्रहीम खानखानांच्या कारकिर्दीत, तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे भूमिगत पाणी शहरात आणले. तोच आपला कुंडी भंडारा. शंभराहून अधिक कुंड्या, त्यांना जोडणारा जमिनीखालचा बोगदा, आणि पाणी वाहते ते केवळ उतारावर. तिथे ना पंप, ना मोट. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव गेले तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने बातमी वाचली. त्या माणसाने आधी काय केले असेल? जमीन पाहिली असेल, पाणी कुठे आहे ते शोधले असेल, उतार मोजला असेल, आणि मग पहिली कुदळ मारली असेल. उतार चुकता तर एवढे खोदकाम फुकट गेले असते.

आपले मैदान त्यापुढे काहीच नाही. पण पद्धत तीच असावी. मंडळाने यावर विचार करावा, पालकांनी आपले मत कळवावे, आणि कोणाला माझे मोजमाप चुकले असे वाटत असेल त्याने जरूर यावे. पट्टी आणि पाणसळ ग्रंथालयाच्या कपाटात ठेवली आहे.

आपला नम्र,
शाळेचा एक निवृत्त गणित शिक्षक